पूर्ण तिकीट, अर्धं तिकीट: वाचकांचे प्रश्न

मुलांपुढे आणि शेजारपाजारी ख्रिस्ती म्हणून कसं जगावं, या विषयावर आम्ही प्रश्न मागवले होते. ठाणे, कळवा आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी सात इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत. पहिल्या पत्राला सगळ्यांत जास्त जागा दिली आहे, कारण त्यातली गोष्ट छोटी वाटते आणि बहुतेक घरांत कुठल्या ना कुठल्या रूपात घडते.

प्रश्न: आम्ही दर रविवारी नेरूळहून ट्रेनने ठाण्याला उपासनेला जातो. मुलीला जूनमध्ये बारा वर्षं पूर्ण झाली. तरी खिडकीवर माझ्या तोंडून सवयीने ‘दोन फुल, एक हाफ’ निघतं. गेल्या रविवारी ती म्हणाली, ‘आई, मी अजून हाफ आहे का?’ मागे रांग होती. मी ‘गप्प बस’ म्हटलं. उपासनाभर ती गप्पच होती. एवढ्याशा गोष्टीचं मनाला लावून घ्यावं का? घ्यायचं तर आता काय करू? (एक आई, नेरूळ)

लावून घ्या. नियम तुम्हाला ठाऊक आहे: पाच वर्षांखाली तिकीट लागत नाही, पाचपासून बारा पूर्ण होईपर्यंत अर्धं, पुढे पूर्ण. पैसे थोडेच आहेत. पण मुलीने त्या सकाळी दोन धडे घेतले. मागे रांग असेल तर खोटं चालतं, हा एक. प्रश्न विचारला की गप्प बसवतात, हा दुसरा, आणि आमच्या मते तोच जास्त घातक. बारा-तेराव्या वर्षी मुलं आईवडिलांचं बोलणं आणि वागणं शेजारी शेजारी ठेवून बघायला लागतात. त्या वयात घरात प्रश्नाला जागा मिळाली नाही, तर सोळाव्या वर्षी तेच प्रश्न ती बाहेर कुणाला तरी विचारतात.

आता करायचं काय? माफी मागायची, आणि ती रविवारपर्यंत लांबवायची नाही. आज संध्याकाळी, ती एकटी असताना, तिच्या शेजारी बसून बोला. उभ्याने, भाजी ढवळत बोलू नका. चार वाक्यं पुरतात. मी काय केलं: ‘मी खिडकीवर तुझं वय चुकीचं सांगितलं आणि तू विचारलंस तेव्हा तुला गप्प केलं.’ ते चूक होतं: ‘दोन्ही चुकीचं होतं.’ माफी: ‘मला माफ कर.’ पुढे काय: ‘या रविवारी तुझं पूर्ण तिकीट काढू, आणि बुडवलेले पैसे भरू.’ एवढं झालं की थांबा. दोन मिनिटांच्या वर जाऊ नका.

माफी फसते ती बहुतेक वेळा पाचव्या वाक्यात. ‘पण तूही सगळ्यांसमोर असं विचारायला नको होतंस’ हे वाक्य आलं की आधीची चारही पुसली जातात. दुसरी चूक म्हणजे इतकं रडणं की मुलीलाच तुमची समजूत काढावी लागते. तिसरी, लगेच काहीतरी घेऊन देणं; त्याने माफीची किंमत आइस्क्रीमएवढी होते. आणि ‘माफ केलं म्हण’ असा आग्रह तर नकोच. तिला दोन दिवस लागले तर लागू द्या.

आता बुडवलेल्या पैशांचं. जक्कय नावाच्या जकातदाराने ज्याचं ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत द्यायचं म्हटलं, ते लूकच्या शुभवर्तमानात एकोणिसाव्या अध्यायात आहे. येशू घरी आला आणि त्या माणसाने थेट पैशाचा हिशेब काढला, हे मुलांना फार चटकन कळतं. हिशेब मुलीलाच करू द्या. खिडकीवर नेरूळ–ठाणे पूर्ण आणि अर्ध्या तिकिटाचा दर विचारायचा, फरक काढायचा, वाढदिवसानंतरचे रविवार मोजायचे, जाऊन-येऊन म्हणून दुप्पट करायचे. चौदा रविवार असतील तर अठ्ठावीस वेळचा फरक. तेवढ्या किमतीची तिकिटं पुढच्या काही आठवड्यांत जादा काढायची आणि त्यावर प्रवास करायचा नाही. रेल्वेचे पैसे रेल्वेकडे जातात आणि मुलीच्या हातात तिकिटाचा तो कागद राहतो. तिने तो पवित्र शास्त्रात खूण म्हणून ठेवला तर ठेवू द्या.

प्रश्न: घरी कौटुंबिक प्रार्थना टिकत नाही. यजमान घणसोलीला नऊ-सव्वानऊला पोचतात. तेरा वर्षांचा मुलगा ‘पोट दुखतंय’ म्हणून आत जातो. मोठ्यांची प्रार्थना चालू असताना धाकटी झोपते. सासूबाई म्हणतात, आमच्या काळी तासभर चालायची. (घणसोली)

आजींच्या काळी संध्याकाळी सातला सगळे घरात असत. तुमचं घर वेगळ्या वेळापत्रकावर चालतं आणि त्यात कुणाचा दोष नाही. बारा मिनिटं धरा, आठवड्यातून पाच दिवस. घड्याळाची वेळ ठरवू नका, ती ट्रेन उशिरा आली की मोडते. एखादी खूण ठरवा: जेवण झालं, ताटं अजून उचलली नाहीत, तेवढ्यात. ताटं उचलली गेली की माणसं पांगतात आणि परत बोलवणं म्हणजे भांडण. वडील सव्वानऊनंतर येणार असतील त्या दिवशी आईने घ्यावं. वडिलांसाठी धाकटीला जागं ठेवू नका.

बारा मिनिटांची वाटणी अशी: गीताचं एक कडवं, सगळं गीत नव्हे. मग पवित्र शास्त्रातल्या आठ ते दहा ओव्या, म्हणजे वचनं. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. सोळाच अध्याय आहेत, प्रसंग भराभर पुढे सरकतात, आणि या गतीने पाचच दिवस वाचलं तरी तीन-चार महिन्यांत पुस्तक पूर्ण होतं. पुस्तक पूर्ण झाल्याचा आनंद मुलांना हवा असतो. नियमांनी भरलेल्या लेवीयच्या पुस्तकापासून सुरू केलेल्या प्रार्थना कुठे बंद पडतात ते आपल्याला ठाऊक आहे. वाचनानंतर एकच प्रश्न, आणि तो ‘यातून आपण काय शिकलो?’ हा नसावा, कारण त्याचं उत्तर मुलांना पाठ असतं: चांगलं वागावं. ‘यातल्या कुणाच्या जागी तुला उभं राहायला आवडणार नाही?’ असं विचारून बघा. शेवटी प्रत्येकाची एक-दोन वाक्यांची प्रार्थना.

मुलं इंग्रजी माध्यमात असतील तर ‘नीतिमान’, ‘धन्यवादित’ या शब्दांवर ती अडखळतात आणि मोठे हसतात. तेरा वर्षांच्या मुलाला तेवढं हसू पोट दुखायला पुरेसं आहे. मराठी आई-वडिलांनी वाचावं, त्याने तीच ओवी इंग्रजीत वाचावी. दोन भाषांतरांत फरक दिसला की तोच बोलायला लागेल.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. ‘हे प्रभू, ह्याला अभ्यासाची बुद्धी दे, मोबाइल कमी करू दे’ ही प्रार्थना मुलासमोर करू नका. देवाला सांगितल्यासारखं करून ती त्यालाच सुनावलेली असते आणि त्याला ते पक्कं कळतं. डोळे मिटलेल्या माणसाला उत्तरही देता येत नाही. पोटदुखीचं मूळ बहुधा इथेच सापडेल. मुलासमोर स्वतःसाठी मागा: ‘आज ऑफिसात मी एकावर ओरडलो, उद्या त्याच्याशी बोलायचं धैर्य दे.’ दुसऱ्या दिवशी तो विचारेल, बोललात का? तेव्हा खरं सांगा, बोलला नसाल तरी.

साधी वही ठेवा. एका रकान्यात मागणी आणि तारीख, दुसऱ्यात काय झालं ते. जिथे उत्तर मिळालं नाही तो रकाना रिकामाच ठेवा, भरायला जाऊ नका.

प्रश्न: मी ठाणे–बेलापूर रोडवरच्या कंपनीत आहे आणि रविवारी संडे स्कूल घेतो. राहतो आईच्या नावावरच्या घरात. दरवर्षी तिच्या नावाने भाड्याच्या पावत्या देऊन घरभाडे भत्त्यावर कर वाचवतो. भाडं प्रत्यक्षात देत नाही. यंदा पावत्या मुलाने लॅपटॉपवर टाइप करून दिल्या. तेव्हापासून झोप लागत नाही. (कळवा)

झोप उडाली हे बरं झालं. आधी एक भेद. आईला भाडं देणं कायद्याने चालतं. घर तिच्या मालकीचं हवं, करार असावा, रक्कम दर महिन्याला बँकेतून जावी आणि तिने ती आपल्या विवरणपत्रात उत्पन्न म्हणून दाखवावी. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं तर तिचा पॅनही कंपनीला द्यावा लागतो. ही सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते. तुम्ही जे केलंत त्यात मात्र भाडंच नाही, फक्त पावती आहे.

या वर्षाचं लगेच सुटण्यासारखं आहे. कंपनीने पुरावे अंतिम केले नसतील तर पगार विभागाला मेल करून घरभाड्याचा दावा मागे घ्या. उरलेला कर मार्चपर्यंतच्या पगारातून कापला जाईल. कारण विचारलं तर ‘दावा चुकीचा होता’ एवढं पुरे. मागच्या वर्षांसाठी कर सल्लागाराकडे जा. मुदतीत असेल तर सुधारित विवरणपत्र, नसेल तर जादा कर भरून अद्ययावत विवरणपत्र, असे मार्ग आहेत. पैसे जातील. त्या महिन्यात घरात कशाला कात्री लागली ते मुलाला दिसू द्या.

मुलाशी बोलताना ‘सगळेच करतात’ हे तुमच्या तोंडून येऊ देऊ नका. पावत्या त्याच्या हातून करून घेतल्यात, त्याची माफी वेगळी मागा. संडे स्कूल सोडायचं का, असा प्रश्न तुमच्या पत्रात आडून आहे. पाळकसाहेबांना सगळं सांगा आणि ते म्हणतील तसं करा. आमचं मत विचाराल तर आधी कर भरा, मग वर्ग घ्या. वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, असं येशूने सांगितलं आहे आणि क्रम त्याचाच आहे.

प्रश्न: मुलगा सोळा वर्षांचा, क्लासला स्कूटर नेतो. खारघरमध्ये सगळीच मुलं नेतात. लायसन्स अठराला काढू. चालेल ना? (खारघर)

नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. आणि किल्ली तुम्ही दिलीत, हे त्याला आयुष्यभर माहीत राहील. आजच काढून घ्या, बसचे पैसे द्या.

प्रश्न: आमच्या सोसायटीत ख्रिस्ती घरं दोनच. गणपतीत वर्गणी मागायला येतात, प्रसाद देतात. वर्गणी द्यावी का? प्रसाद घ्यावा का? मुलं शेजारच्या मुलांबरोबर आरतीला जायचं म्हणतात. आम्ही दार लावून बसतो आणि नंतर ओशाळं वाटतं. (कोलशेत, ठाणे)

दार लावणं सोडा. शेजाऱ्यांना त्याचा अर्थ ‘हे आपल्याला हलके समजतात’ असा लागतो, आणि मुलांना ‘आपला विश्वास घाबरट आहे’ असा.

प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला या प्रश्नाचं उत्तर बरंच तपशिलात दिलं आहे, पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायात. बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा. कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा. पण ‘हे नैवेद्याचं आहे’ असं कुणी सांगितलं तर, सांगणाऱ्यासाठी, खाऊ नका. म्हणून गणपतीच्या दिवशी शेजारी जेवायला बोलावतील तर जा आणि पोटभर जेवा. प्रसाद म्हणून हातावर ठेवायला आले तर हात जोडून एकच वाक्य: ‘काकू, आम्ही प्रसाद घेत नाही, पण तुम्ही आठवणीने आणलात, बरं वाटलं.’ घेऊन नंतर टाकून देणं मात्र वाईट. मुलांसमोर तर अगदीच.

वर्गणीबद्दल मंडळ्यांमंडळ्यांत मतं वेगळी आहेत. आमचा सल्ला असा: पूजेच्या खर्चाला द्यायचं मन नसेल तर खजिनदाराला आधीच, उत्सवाच्या महिनाभर आधी, मोकळेपणाने सांगा आणि तेवढीच रक्कम सोसायटीच्या रक्तदान शिबिराला किंवा मुलांच्या स्पर्धांना पावती घेऊन द्या. रक्कम कमी करू नका, नाहीतर विश्वासाच्या नावाखाली पैसे वाचवले असं दिसेल. विसर्जनाच्या रात्री गेटवर गाड्या लावायला, पाणी वाटायला माणसं कमी पडतात. तिथे उभे राहा. मुलांना मांडवात खेळायला, नाटकात काम करायला जाऊ द्या. आरतीच्या वेळी ती मागे शांत उभी राहतील, एवढं आधी घरी बोलून ठेवा, म्हणजे ऐन वेळी त्यांना एकट्याने ठरवावं लागणार नाही.

नाताळला करंज्या, शंकरपाळे, केकचं ताट प्रत्येक मजल्यावर जातं का? गेलं तर मुलांच्याच हातून पाठवा. आणि वर्षभर मेंटेनन्स वेळेवर भरा, पार्किंगवरून आवाज चढवू नका, पाणी कमी असताना पंप आपल्या टाकीसाठी लावू नका. पेत्राने आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेने, असं लिहिलं आहे. विचारेपर्यंत थांबण्याची तयारी त्यातच आली.

प्रश्न: यजमान उपासनेला येत नाहीत. मुलांना मी एकटी कशी वाढवू? (वाशी)

पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, असं पौल लिहितो. प्रेषितांच्या कृत्यांत सोळाव्या अध्यायात कळतं की त्याचा बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, होता. म्हणजे तुमच्यासारखंच घर. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधली बरीच वर्षं दोघं वेगळी राहिली. त्या स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळी आल्या.

मुलांसमोर यजमानांना कमी लेखू नका, ‘बाबांसाठी प्रार्थना करा’ असं त्यांना ऐकू जाईल असं म्हणू नका. रविवारी दुपारचं जेवण मात्र त्यांच्याबरोबरच होऊ द्या. चर्चनंतर महिला मंडळात दीडपर्यंत थांबलात तर घरातल्या माणसाला मंडळी सवतीसारखी वाटायला लागते.

प्रश्न: मुलगा एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला. सहा महिने चर्चला येत नाही. म्हणतो, मला पटत नाही. आमचं कुठे चुकलं? मंडळीत लोक विचारतात तेव्हा ‘परीक्षा आहे’ म्हणून सांगतो. (ठाणे)

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात दोन बाप आहेत. याजक एलीने मुलांना तोंडाने रागावून बघितलं, पण अर्पणाच्या ज्या उत्तम भागावर ती मुलं डल्ला मारत होती, त्यावर तोही पुष्ट झाला होता. देवाने त्याला हेच सुनावलं. संदेष्टा शमुवेल याचं तसं नव्हतं. म्हातारपणी त्याने सगळ्या इस्राएलासमोर विचारलं, मी कुणाचा बैल घेतला, कुणाकडून लाच घेतली? लोक म्हणाले, कुणाकडूनच नाही. त्याच्या मुलांनी, योएल आणि अबीया यांनी, बैरशेब्यात लाच घेतली. तेव्हा आईबापाच्या चांगल्या वागण्याने मूल हमखास विश्वासात राहतं, असं शास्त्र कुठे म्हणत नाही. तुमचं चुकलं असेल तर ते शोधा आणि त्याच्यापाशी कबूल करा. सापडलं नाही तर उगाच ओढून आणू नका.

‘परीक्षा आहे’ हे मात्र आजपासून बंद. त्याच्या अविश्वासावर तुम्ही खोटं पांघरूण घालताय आणि त्याला ते माहीत आहे. कुणी विचारलं तर: ‘सध्या येत नाही. त्याला भेटलात तर बोला त्याच्याशी, पण चर्चबद्दल नको.’ खरं आहे, आणि त्याची अब्रूही राखतं.

त्याला काय पटत नाही, ते एकदा पूर्ण ऐका. अर्धा तास, मध्ये न बोलता, वचन न काढता. बऱ्याच मुलांचं भांडण देवाशी नसून मंडळीतल्या एखाद्या प्रसंगाशी असतं: तरुण संघातली निवडणूक, पैशांचा वाद, कुणाचा तरी अपमान. काहींचं खरंच विश्वासाशी असतं, विज्ञानाशी, दुःखाशी. तुम्हाला उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, पण मी शोधतो’ म्हणा आणि खरंच शोधा. फी, जेवण, बाइकचं पेट्रोल यांना चर्चच्या हजेरीशी बांधू नका. त्याने तो रविवारी येईल आणि सोमवारी आणखी दूर जाईल.

रविवारी निघताना एकदाच विचारा, ‘येतोस?’ नाही म्हणाला तर नाश्ता झाकून ठेवा आणि निघा. परत आल्यावर कोण कोण आलं होतं, पाळकसाहेब काय म्हणाले, हे आपण होऊन सांगू नका. त्याचं सबमिशन कुठवर आलं ते विचारा, आणि दुपारी जेवायला त्याच्याबरोबर बसा.